छतातली पाल, सोमवारचा कागद

माझ्या खोलीच्या दारावर थाई लिपीतली एक पाटी आहे. तिच्यावरचा शेवटचा शब्द अक्षर अक्षर लावत मला पहिल्यांदा वाचता आला, त्या दिवशी हातातली पिशवी खाली ठेवून मी तिथेच उभी राहिले. 'सारासोनथेत'. माहिती तंत्रज्ञानातल्या 'माहिती'ला थाईत हा शब्द आहे, आणि तो म्हणजे आपलेच 'सार' आणि 'संदेश'. थाई माणूस संस्कृत-पालीतले शब्द उचलतो आणि त्यांची शेपटं गिळून टाकतो. आचार्याचा 'आचान' होतो, गुरूचा 'ख्रू' होतो.

बँकॉकच्या या आंतरराष्ट्रीय शाळेत सात वर्षं मी ख्रूच होते. नववी ते बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवायचं, वह्या (कसल्या वह्या, फायलीच) तपासायच्या, डब्यातली पोळीभाजी खायची आणि पाचला घरी. ऑगस्ट २०२४मध्ये मी शाळेची टेक डायरेक्टर झाले आणि पहिल्याच सोमवारी नेटवर्क बघणारे दादा मला 'हुआना' म्हणाले. हुआ म्हणजे डोकं, ना म्हणजे चेहरा. दोन्ही मिळून साहेब. जूनपर्यंत हेच दादा 'ख्रू, प्रोजेक्टरचा रिमोट परत तुम्हीच पळवलात ना?' म्हणून माझ्याशी भांडायचे. (थाईत मोठ्या भावाबहिणीला 'फी' म्हणतात. आंतरराष्ट्रीय शाळेत हा शब्द दिवसभर कानावर पडतो आणि मला सोडून कुणालाच हसू येत नाही. मी त्यांना फी म्हणते. इथे दादाच लिहिते.)

ताईची मॅडम झाल्यावर काय होतं, ते आपल्याकडे शाळेत नोकरी केलेल्या कुठल्याही बाईला सांगायला नको. चहाचा कप स्टाफरूममधून उठून ऑफिसात येतो, गप्पा मात्र स्टाफरूममध्येच राहतात.

माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका. नव्या पदाचं सांगायला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता तू कॉम्प्युटर दुरुस्त करणार?" मी समजावून सांगितलं. बजेट, धोरण, शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलांच्या माहितीची सुरक्षितता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसरा प्रश्न विचारला, "शिपाई कोण आहे तुमच्याकडे?"

"अगं आई, इथे शिपाई नसतो."

"असेल कुणीतरी. शाळेत काय चाललंय ते शिपायाला ठाऊक असतं. मुख्याध्यापकाला नुसते कागद ठाऊक असतात."

मी हसले आणि विषय बदलला. तेव्हा मला कागदांचीच जास्त हौस होती.

खरं म्हणजे मला तरी शहाणपण असायला हवं होतं. माझी पहिली नोकरी साताऱ्याजवळच्या एका अनुदानित मराठी शाळेतली. संगणक कक्षात दहा मशीन, त्यातली सात चालू, वर्गात साठ मुलं. दाराबाहेर साठ जोड चपलांचा ढीग, कारण आत चपला घालून गेलं की व्हायरस शिरतो असं अर्ध्या शाळेला प्रामाणिकपणे वाटायचं. मॉनिटरवर शिवलेले फुलाफुलांचे अभ्रे. माउसच्या पोटातली रबरी गोळी मुलं खिशात घालून न्यायची, म्हणून आमचे प्रयोगशाळा परिचर तास संपला की सातही गोळ्या काढून, मोजून, खोबरेल तेलाच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. कुठलं मशीन कुठल्या दिवशी हँग होणार, हे त्यांना माझ्या आधी कळायचं. बी.एड. आणि एम.सी.ए. मी केलेलं होतं. पण वर्ग चालायचा तो त्या डबीवर.

बँकॉकला आल्यावर ती डबी मी विसरले. इथे प्रत्येक मुलाच्या हातात यंत्र, प्रत्येक भिंतीवर स्पर्शाने चालणारा पडदा. नवं पद मिळाल्यावर मी आधी काय केलं असेल, तर यंत्रांची मोजदाद. आपल्याकडे ज्याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, ते इथे मोठ्या एक्सेल फाइलीत होतं. दोन दिवस बसून मी ती फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली आणि अहवाल काढला. शाळेतल्या बऱ्याच लॅपटॉपची वॉरंटी अजून जवळजवळ साडेपाचशे वर्षांनी सुरू व्हायची होती.

थायलंडचं सरकारी वर्ष बुद्धाब्द. इसवी सनात ५४३ मिळवायचे. म्हणजे २०१९ साली घेतलेलं यंत्र पावतीवर २५६२चं असतं. परदेशी कर्मचाऱ्यांनी नोंदी इसवी सनात केलेल्या, थाई कर्मचाऱ्यांनी पावतीवर असेल तसं लिहिलेलं, आणि काहींनी घाईत नुसतं '६२' लिहून सोडलेलं. पंचांगात शके आणि भिंतीवर इंग्रजी कॅलेंडर पाहत वाढलेल्या मराठी बाईने यात फसायला नको होतं. मी फसले. दादांनी अहवाल पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "सुंदर झालाय, हुआना." चूक मला तीन दिवसांनी पुरवठादाराच्या हसण्यातून कळली.

त्या 'सुंदर झालाय'पाशी मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

यंत्रं वाटून शिक्षण होत नाही, हे मी भाषणात अगदी तोंडपाठ सांगू शकते. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेपरातला फोटो हातोहात फिरला होता. आमच्या सात मशीनकडे बघून आम्ही हळहळलो होतो. त्याच योजनेचे सर्वांत जास्त लॅपटॉप पेरूने घेतले, आणि २०१२मध्ये तिथल्या अभ्यासात निघालं की मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला नाही. त्याच वर्षी थायलंडमध्ये यिंगलक शिनावात्रांच्या सरकारने निवडणुकीतलं आश्वासन पाळत पहिलीच्या आठ लाखांवर मुलांना टॅबलेट वाटले. २०१४मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि योजना गुंडाळली. दादांच्या पुतणीला तो टॅबलेट मिळाला होता. सध्या त्याचा उपयोग काय, असं विचारलं तर म्हणाले, "आई त्याच्यावर भाजी चिरते." खरंच चिरते की मला हसवायला सांगितलं, ते मी विचारलं नाही. आता वाटतं, त्या दिवशी ते बऱ्याच आठवड्यांनी माझ्याशी ख्रूसारखं बोलले होते.

सप्टेंबरात संगीत विभागाच्या इमारतीतलं वायफाय जायला लागलं. रोज नाही. दुपारी एक-दीडच्या सुमाराला जायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप यायचं. व्हायोलिनच्या बाईंनी मला तीन मेल पाठवल्या, प्रत्येक मेल आधीच्यापेक्षा जास्त सभ्य, म्हणजे जास्त रागावलेली. मी बाहेरची कंपनी बोलावली. त्यांनी इमारतभर फिरून रंगीत नकाशा काढला, लाल-पिवळे डाग दाखवले आणि सांगितलं की वरचे सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, जुने झालेत, बदला. मला ते पटलं. नव्या साहेबाला नवीन यंत्रं पटतातच. विभागप्रमुखांच्या बैठकीत मी पडद्यावर तो नकाशा लावून जाहीर केलं की डिसेंबरच्या सुट्टीत सगळी इमारत नवी करणार. दादा मागच्या खुर्चीवर होते. त्यांनी मान डोलावली.

बैठक संपल्यावर ते दारात घुटमळले. हातात टॉर्च.

"हुआना, छत बघायचंय का?"

मला वेळ नव्हता. पण का कोण जाणे, गेले. ते शिडीवर चढले, छताची एक फरशी हलकेच उचलून बाजूला सरकवली आणि मला वर बोलावलं. साडी नव्हती हे नशीब. शिडीच्या चौथ्या पायरीवरून डोकं छताच्या पोकळीत घातलं तर आत वीतभर धूळ आणि दमट, कोंदट उकाडा. एसीचा पाण्याचा पाइप, त्याच्यावर घाम फुटल्यासारखे थेंब. पाइपाखालीच एक छोटा नेटवर्क स्विच, ज्यातून त्या मजल्यावरच्या सगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटना वीज आणि इंटरनेट दोन्ही जातं. स्विचवर हिरवे दिवे लुकलुकत होते. दादांनी टॉर्च त्याच्या बाजूच्या जाळीवर धरला. आत, पट्टीवर, पाल. मेलेली, वाळून कागदासारखी झालेली, शेपूट अजून जागच्या जागी. तिच्याशेजारी वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी. आणि काळ्या-पांढऱ्या लेंड्यांचा थर, जो उघड्या सर्किटवर पडला की ओलाव्याने काय करतो ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पालींना ऊब लागते. रात्री एसी बंद झाले की स्विच हीच त्या पोकळीतली उबदार जागा. सकाळी सगळं सुरळीत. दुपारी बाहेर उकाडा वाढतो, पाइप घामेजतो, पाणी टपकतं, स्विच स्वतःला वाचवायला बंद पडतो, थंड झाला की परत उठतो. स्विचच्या कडेला मार्करने थाईत तारखा लिहिलेल्या होत्या. पाच-सहा. प्रत्येक वेळी उघडून, पुसून, परत लावल्याच्या. सगळ्यांत जुनी तारीख २५६५ची, म्हणजे २०२२ची.

"दोन वर्षं? मग मला सांगितलं का नाहीत?"

दादा शिडी धरून उभे होते. वर न बघता म्हणाले, "हुआनांनी कंपनी बोलावली होती."

थाईत एक शब्द आहे, क्रेंगचाइ. परदेशी लोकांसाठीच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत तो असतो आणि त्याचं इंग्रजी कधीच धड होत नाही. क्रेंग म्हणजे धाक, दबणं. चाइ म्हणजे मन. समोरच्याच्या मनाला, मानाला धक्का लागू नये म्हणून आपण गप्प बसणं. माझे अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सहकारी या शब्दावर दर ऑगस्टला कार्यशाळेत तासभर चर्चा करतात. मला एक मिनिटही लागलं नसतं. आपल्याकडे याला भीड म्हणतात. आणि आपण तर त्यापुढेही गेलोय, भीड ही भिकेची बहीण आहे असं म्हणून मोकळे झालोय. भिडेपायी किती पैसे बुडतात याचा आकडा त्या शिडीवर माझ्यासमोर होता: एक इमारतभर नवे अ‍ॅक्सेस पॉइंट, वजा एक स्विच आणि जाळीची पेटी.

पालीचंही तसंच. घराबाहेर पडताना पाल चुकचुकली तर थाई माणूसही थबकतो. घरातल्या पालीला इथे चिंगचोक म्हणतात, आणि तिने टोकलं तर निघू नये असं जुनी माणसं सांगतात. आपल्या मनात शंकेची पाल चुकचुकते. गंमत अशी की माझ्या मनात ती चुकचुकली नाही. एक महिना मी रंगीत नकाशे बघत होते आणि छतातली पाल मरून पडली होती.

नवी पेटी दादांनी जाळी लावून दोन दिवसांत बसवली, पाइपापासून दूर. कंपनीला 'नाही' कळवायचं काम मी केलं, ते जास्त अवघड होतं. पुढच्या बैठकीत मी उभं राहून सांगितलं की माझा निर्णय चुकला. दादा तेव्हा खाली बघत होते. मला वाटलं, चला, भीड मोडली. मोडली नव्हती. साहेबाने सगळ्यांसमोर चूक कबूल करणं हेही त्यांच्या मनाला अवघड करणारंच होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी आठवडाभर माझ्याकडे कुठलीच तक्रार आणली नाही.

एक निर्णय मात्र मी कुणाची भीड न ठेवता घेतला. शाळेने २०२३मध्ये एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, मुलाने निबंध स्वतः लिहिला की एआयकडून लिहून घेतला हे टक्क्यांत सांगणारं. अकरावीतल्या एका थाई मुलीच्या निबंधावर त्याने लाल शिक्का मारला. ती रडली नाही. तिने दुसऱ्या दिवशी चौकोनी रकान्यांची वही आणून इंग्रजीच्या सरांच्या टेबलावर ठेवली. चार कच्चे खर्डे, समासात थाईत खुणा, एका वाक्याची पाच वळणं. आधी थाईत विचार करून मग इंग्रजी वाक्य रचणारी पोर होती ती. अशी वाक्यं सरळ, साधी, घोटीव असतात, कारण चूक होईल या भीतीने ती दहादा तपासलेली असतात. मीही अशीच इंग्रजी लिहिते.

त्या रात्री मी स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २०२३चा अभ्यास काढून परत वाचला. त्यांनी अशी सात सॉफ्टवेअर तपासली होती. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या सॉफ्टवेअरनी यंत्राचे ठरवले होते. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. आंतरराष्ट्रीय शाळांचा जन्म झाला तो जिनिव्हात, १९२४ साली, राष्ट्रसंघात कामाला आलेल्या परदेशी लोकांच्या मुलांसाठी. बँकॉकमधली अशी पहिली शाळा १९५१ची, तीही परक्यांच्याच मुलांसाठी. १९९०च्या दशकात नियम सैल झाले आणि थाई घरांतली मुलं मोठ्या संख्येने येऊ लागली. आज माझ्या शाळेतल्या बहुतेक मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही. म्हणजे ते सॉफ्टवेअर आमच्या बहुतेक मुलांवर संशय घ्यायलाच घेतलेलं होतं.

मी करार पुढे चालू ठेवला नाही. इंग्रजी विभागातले दोन जण अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. त्यांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं: निदान एक काठी तरी हातात होती. आयबीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळांच्या परीक्षा घेणाऱ्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेने, २०२३च्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की एआयवर बंदी नाही, वापरलं तर कुठे वापरलं ते लिहा. पण ते अमलात आणायचं म्हणजे मुलाशेजारी बसून खर्डे बघायचे, आणि त्याला वेळ लागतो, तो कुठल्या बजेटमधून आणायचा हे मला अजून जमलेलं नाही.

बाकी वर्ष कसं गेलं ते थोडक्यात. थायलंडचा व्यक्तिगत माहितीचा कायदा १ जून २०२२पासून पूर्ण लागू झालाय, तरी शिक्षक परवानगीशिवाय मुलांची नावं, फोटो वाट्टेल त्या अ‍ॅपमध्ये घालत होते. अशा अ‍ॅपची यादी शंभराच्या वर गेली, अर्ध्यावर आणली. थाई भाषेच्या शिक्षिकेचा प्रश्न सुटायला पाच महिने लागले: शब्दांमध्ये जागा न सोडणारी लिपी आमच्या प्रणालीला कळत नव्हती, तिच्या मुलांचा दोन पानांचा निबंध 'एकूण शब्द: ४१' असा दिसायचा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी पेपर दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर जी भुतं दिसायची, ती पाहिलेल्या मला तिचं दुःख लगेच कळलं. कंपनीला कळायला पाच महिने लागले. जानेवारी २०२५मध्ये हवा इतकी बिघडली की बँकॉकमधल्या साडेतीनशेच्या आसपास शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही ऑनलाइन गेलो आणि ते मात्र सुरळीत पार पडलं. माझं कौतुक झालं. मी थोडी फुगलेही.

आणि ऑक्टोबरात मी एक मेल पाठवली होती, ती त्या फुगण्याआधीची. शाळेत किती कागद फुकट जातो याचा हिशेब मांडून मी कळवलं होतं की यापुढे कार्यालयातल्या साप्ताहिक छापील याद्या बंद. सगळं अ‍ॅपवर आहे: मुलांची नावं, बसचा क्रमांक, घ्यायला कोण येणार, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. प्रवेश कार्यालयातल्या ज्येष्ठ बाईंचं उत्तर एका शब्दाचं होतं: 'खा'. थाई बायका आदराने हो म्हणतात तो हा 'खा'. सात वर्षं या देशात काढून मला एवढं ठाऊक असायला हवं होतं की या 'खा'चा अर्थ 'पटलं' असा नसतो. 'कानावर आलं' एवढाच असतो.

२८ मार्च २०२५, शुक्रवार, दुपारचे एक वाजून वीस मिनिटं. दोन दिवसांवर पाडवा आला होता. गुढीसाठी बांबू इथे कुठेही मिळतो, कडुलिंब कुठे मिळेल याचा विचार करत मी खुर्चीत बसले होते आणि खुर्ची डावीकडे गेली. वाटलं, उपाशी राहिल्याने चक्कर आली. मग समोरच्या पडद्याची वायर घड्याळाच्या लंबकासारखी झोके घ्यायला लागली, आणि बाहेरून एका मुलाचा आवाज आला, "पूल! पूल बघा!" तरणतलावातलं पाणी एका काठावरून उसळून दुसऱ्या काठाबाहेर सांडत होतं.

भूकंप म्यानमारमध्ये झाला होता, मंडालेजवळ, इथून हजारेक किलोमीटरवर, ७.७ रिश्टरचा म्हणतात तसा. बँकॉक मऊ चिखलावर बसलेलं शहर आहे. लांबून आलेली लाट इथे मोठी होऊन हलते. शहरातल्या चतुचाक भागात बांधकाम चालू असलेली तीस मजल्यांच्या वरची सरकारी इमारत काही सेकंदांत खाली आली, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की शाळेतलं प्रत्येक मूल मैदानावर उन्हात बसलंय आणि हजेरी घ्यायचीय.

हजेरी अ‍ॅपवर. अ‍ॅप वायफायवर. इमारतींची वीज सुरक्षेसाठी बंद केलेली, म्हणजे वायफाय बंद. मोबाइलवर उघडावं तर सगळं शहर एकाच वेळी आपापल्या माणसांना फोन लावत होतं. चक्र फिरत राहायचं आणि पान कोरं. सरकारकडून धोक्याची सूचना सगळ्या फोनवर एकदम पाठवायची व्यवस्थाच तेव्हा थायलंडमध्ये चालू नव्हती. एसएमएस आले ते काही तासांनी. भर दुपारच्या घामात मी फोन डोक्याच्या वर धरून रेंज शोधत होते, आणि माझ्याभोवती पाच वर्गशिक्षक माझ्या तोंडाकडे बघत होते. टेक डायरेक्टर ना मी.

तेवढ्यात प्रवेश कार्यालयातल्या बाई मैदान ओलांडून आल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात हिरवी फाइल. त्यांनी फाइल उघडली, वर्गवार याद्या सुट्या केल्या आणि एकेका शिक्षकाच्या हातात दिल्या. कुणाशी काही बोलल्या नाहीत. यादीवर सोमवारची तारीख होती. नावं, बसचे क्रमांक, पालकांचे फोन, अ‍ॅलर्जी लाल अक्षरांत. दहा मिनिटांत सगळी मुलं मोजून झाली. दोन कमी भरत होती, ती दवाखान्याच्या खोलीत होती, तीही सापडली.

मी एक यादी हातात घेऊन उलटी केली. मागे दहावीच्या गणिताचा जुना पेपर. पाठकोरा कागद. कार्यालयाचा कागदाचा कोटा मी निम्म्यावर आणला होता, म्हणून बाई जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर छापत होत्या. ऑक्टोबरपासून, दर सोमवारी, माझ्या मेलला 'खा' म्हटल्यापासून.

मेट्रो आणि आकाशगाड्या बंद, रस्ते तुंबलेले. पालक चालत येत होते, कुणी ऑफिसच्या चपलांत, कुणी मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून. बाई गेटपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रत्येक मूल ज्याच्या हातात द्यायचं त्याचं नाव यादीशी ताडायच्या, लाल पेनाने खूण करायच्या, मगच सोडायच्या. एका आजोबांचं नाव यादीत नव्हतं. त्यांना त्यांनी पाऊण तास बसवून ठेवलं, आईचा फोन लागेपर्यंत. आजोबा चिडले. बाईंनी त्यांना पाणी दिलं, पण नातू दिला नाही. शेवटचं मूल रात्री नऊनंतर गेलं. दादांनी गेटवर बॅटरीचा दिवा धरला होता, मी मुलांना बिस्किटं वाटत होते. त्या दिवशी तंत्रज्ञान विभागाचं एवढंच काम होतं.

रात्री साडेनऊला मी बाईंच्या शेजारी फूटपाथवर बसले. माझं थाई मोडकंतोडकं, त्यांचं इंग्रजी तसंच. विचारलं, बंद करायला सांगितलं होतं तरी का छापत राहिलात? त्यांना फार अवघड झालं. फाइलीचा बंद गुंडाळत, सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "हुआना कामात असतात."

आईला दुसऱ्या दिवशी फोन केला. सगळं सांगितलं. ती शिपायाबद्दल काही म्हणाली नाही. म्हणाली, "कडुलिंब मिळाला का?" मिळाला होता, दादांच्या गल्लीत झाड आहे, इथे त्याला 'सदाव' म्हणतात आणि कोवळी फुलं उकडून गोड चटणीबरोबर खातात. रविवारी सकाळी ते स्वतः फांदी घेऊन दारात आले. गुढीकडे बराच वेळ बघत राहिले, तांब्या उलटा का लावलाय असं विचारलं. मला सांगता आलं नाही.

सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची, सुट्टी संपवून एप्रिलच्या शेवटी शाळा उघडली, तेव्हा माझ्या टेबलावर मागणीपत्रांचा गठ्ठा होता. प्रोजेक्टरचे दिवे, सर्व्हरच्या बॅटऱ्या, संगीत विभागासाठी पालीची जाळी तीन मीटर. तळाशी प्रवेश कार्यालयाचा एक अर्ज, बारीक, वळणदार अक्षरातला. ए-फोर कागद, दहा रीम, पांढरा, दोन्ही बाजूंनी कोरा. 'कारण' या रकान्यात एकच शब्द होता: 'वानचान'.

वान म्हणजे वार, चान म्हणजे चंद्र. सोमवार.

मी सही केली.